जपानी दगडाला कुंकू

५ ऑगस्ट २०२४, सोमवार
श्रावणातला पहिला सोमवार. उपास. अभिषेक घरीच केला.
ऋचा काल जेवताना जे बोलली ते सकाळीही तसंच होतं. मला वाटलं होतं झोपून उठली की जरा मऊ होईल. नाही. केनिचीशीच लग्न. डिसेंबरात रजिस्टर करणार. तुम्ही दोघं आलात तर बरं वाटेल, नाही आलात तरी करणार, असं सांगून ऑफिसला गेली. जाताना डबा मात्र आठवणीनं नेला.
ह्यांचं एकच वाक्य. जपान्यांच्या घरात मुलगी द्यायची नाही. नंतर पेपर.
मुलगा दोनदा घरी येऊन गेलाय, 'मित्र' म्हणून. वाईट नाही. दाराबाहेर आपल्या चपला काढल्या त्या टाचा भिंतीकडे करून सरळ लावल्या, आणि आमच्या तिघांच्या पडलेल्या त्याही लावून ठेवल्या. मी जाळीच्या दारातून बघत होते. पण चपला लावल्या म्हणून मुलगी देत नाहीत.

६ ऑगस्ट, मंगळवार
सकाळी बापलेकीची जुंपली. ती म्हणाली, बाबा, आपला राइस कुकर जपानी, फ्रिज जपानी, तुमचं घड्याळ जपानी. हे म्हणाले, "कुकरला मुलगी देत नाहीये मी." मला हसू आलं, ते दोघांनाही आवडलं नाही.
मग हे तिला आजोबांचं सांगायला लागले, जसं तिनं कधी ऐकलंच नाही. ह्यांचे आजोबा मराठा पलटणीत शिपाई. लढाईत इथे आले, ह्याच सिंगापुरात, आणि जपान्यांच्या हाती सापडले. साताऱ्याला एक तार आली, 'बेपत्ता'. त्यानंतर तार नाही की माणूस नाही. ऋचा म्हणाली, "बाबा, केनिचीनं केलं का ते? तो तर माझ्याहून एक वर्षानं लहान आहे ला."
हे उठून गेले. वाक्याच्या शेवटी हे इथलं 'ला' जोडलेलं त्यांना मुळीच खपत नाही.

७ ऑगस्ट, बुधवार
आज भाजी निवडताना ठरवलं. मी घर बघून येणार.
आमच्याकडे मुलगी द्यायच्या आधी घर बघतातच. माझे वडील साताऱ्याला आले तेव्हा माणसांशी बोलायच्या आधी गोठ्यात गेले होते. गाईच्या पाठीवरून हात फिरवला, गव्हाण बघितली, मग येऊन सांगितलं, द्यायला हरकत नाही. केनिचीचं घर ओसाकाच्याही पुढे कुठेतरी. तिथे जायचं तर विमानाचं तिकीट, हॉटेल, माझा गुडघा. ते काही व्हायचं नाही. पण देव तर बघता येईल? घरात पाहुणे आले की खोल्या आवरतात, देव कोणी आवरून ठेवत नाही. तो जसा असतो तसा दिसतो.
ऋचाला विचारलं, घराजवळ जपानी देऊळ कुठे आहे. आधी हसली. मग केनिचीला विचारून सांगितलं. एक मॅकरिचीच्या तलावामागे जंगलात होतं, आता नाही. दुसरं आपल्या सेरंगूनहून एका बसवर. "पण आई, ते सिमेट्रीत आहे."
जपानी स्मशान. आणि श्रावण.
बघू. फोटो काढून आणायचे, ह्यांच्यापुढे ठेवायचे. तोंडी सांगितलं की हे ऐकत नाहीत. कागद लागतो त्यांना, जन्म अकाउंट्समध्ये गेला.

१० ऑगस्ट, शनिवार
मॅकरिची. कालच्या राष्ट्रीय दिनाचे झेंडे सगळ्या खिडक्यांवर तसेच.
देऊळ बघायला मिळालं नाही. तिथल्या माणसाला विचारलं तर म्हणाला, आंटी, तिकडे वाट नाही, आत जायला मनाई. दगडाचं एक टाकं उरलंय म्हणे, हातपाय धुवायचं. बाकी सगळं रान. लढाई हरल्यावर जपान्यांनी आपलं देऊळ आपणच मोडलं, जाळलं, दुसऱ्याच्या हाती पडू नये म्हणून. हे मला कळतं. आपणही मूर्ती भंगली तर पाण्यात सोडतो, उकिरड्यावर टाकत नाही.
तलावाचाच फोटो काढला. माकडानं पिशवी ओढली, केळी गेली.
घरी ह्यांना सांगितलं. म्हणाले, बांधलं कोणी ते देऊळ? कैद्यांनी. आमचे आजोबा त्यात नसतील कशावरून?
मी माकडानं ओढलेली पिशवी धुवायला घेतली. 

१३ ऑगस्ट, मंगळवार
दुपारी सौ. देशपांड्यांकडे मंगळागौरीचं हळदीकुंकू होतं. त्यांच्या सुनेची पहिलीच. तिथून सरळ जपानी स्मशानात गेले. आधी घरी आले असते तर पुन्हा निघवलं नसतं.
लहानशी जागा, बंगल्यांच्या मध्ये. फाटक उघडं. आत बोगनवेलीचा मांडव, गुलाबी. इतकं स्वच्छ की आपल्या पायांचीच लाज वाटावी. देऊळ म्हणजे एक खोली, दार बंद. काचेतून डोकावले. आत धूसर काहीतरी सोनेरी. फोटो काढला तर त्यात मीच, कपाळावर देशपांड्यांकडचं कुंकू.
मग रांगा. लहान लहान दगड, गुडघ्याएवढे. पाटीवर इंग्रजीत लिहिलंय, गरीब घरच्या मुली होत्या, फार वर्षांपूर्वी जहाजातून आणून इथे धंद्याला लावलेल्या. कित्येक दगडांवर नावच नाही. त्यांच्यापुढे उभी राहिले, फोटो काढला नाही. एका कोपऱ्यात बाळांच्या तोंडाच्या दगडी मूर्ती, गळ्यात लाल लाळेरी बांधलेली. कुणीतरी नवीन बांधली होती, अजून घडीच्या खुणा दिसत होत्या. त्यांचा काढला.
झाडाखाली एक उभा दगड. एकटाच, ओबडधोबड, समोर पाण्याची वाटी. आमच्या गावाच्या शिवेवर असाच आहे. असा दगड दिसला की माझं डोकं विचारायला थांबतच नाही. पर्समध्ये पुडी होतीच. बोट वाटीतल्या पाण्यात बुडवून कुंकू लावलं, देशपांड्यांकडची शेवंती ठेवली, चपला काढून नमस्कार केला. मागे काही बारीक अक्षरं कोरलेली, जपानी. मला ती नक्षीसारखीच.
फोटो फार छान आला. काळा दगड, लाल टिळा, पिवळं फूल.
घरी येताना बसमध्ये जागा असून बसले नाही. स्मशानातून आलेली, कुणाला शिवायला नको. घरी आल्यावर डोक्यावरून आंघोळ.
घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. 'सिंगापुरातला जपानी देव. दर्शन घ्या.'

१४ ऑगस्ट, बुधवार
सकाळपासून ग्रुपवर नमस्कारांचे हात. साताऱ्याचे मोठे दीर, दोन्ही जावा, पुण्याची नणंद, भाचेसुना. मोठे भाऊजी विचारतात, देव कोणता, जागृत आहे का. ह्यांनीसुद्धा न बघता हात टाकलेले. ग्रुपवर काहीही आलं की हे हात टाकतात.
सहा वाजता ऋचा ऑफिसातून लवकर आली. स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. दगडाच्या मागच्या बाजूचाही एक फोटो काढला होता ना मी, तिनं तो केनिचीला पाठवला. त्यानं वाचलं. तो देव नाही. लढाईत इथे मेलेल्या जपानी सैनिकांसाठी उभा केलेला दगड आहे.
माझ्या हातात कणीक होती. तशीच उभी राहिले.
ऋचा म्हणाली, "आई, फोटो डिलीट कर. बाबांना सांगू नकोस. प्लीज."
डिलीट केला तर मग मी तिथे गेलेच कशाला? खरं बघायलाच गेले होते ना.

१५ ऑगस्ट, गुरुवार
चहाच्या वेळी ह्यांना सांगितलं. सगळं, एका दमात. ग्रुपवरही मीच लिहिलं, की चूक झाली, तो देव नसून जपानी शिपायांचा दगड आहे. मोठ्या भाऊजींनी आपला नमस्कार काढून घेतला. 'हा मेसेज डिलीट केला आहे' एवढंच राहिलं.
हे ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. बशीत चहा तसाच. मग म्हणाले, "आमच्या आजोबांना अजून आम्ही पाणी दिलं नाही. आणि तू त्यांना मारणाऱ्यांना कुंकू लावून आलीस."
खरंच दिलेलं नाही. आजेसासूबाईंनी, सगळे त्यांना माई म्हणत, नवऱ्याचं श्राद्ध होऊच दिलं नाही. मेल्याची तार दाखवा, मग करा, म्हणायच्या. बारा वर्षांनी भटजी आले, गावातले शहाणे आले, दर्भाचा पुतळा करून विधी उरका म्हणाले. माईंनी सगळ्यांना उभ्या उभ्या परत पाठवलं. बांगड्या उतरवल्या नाहीत, कुंकू पुसलं नाही. सत्तरीत गेल्या, माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. अंगणात वाद, हिला सवाष्ण म्हणून न्यायची की विधवा म्हणून. सासूबाई बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, तू नवी आहेस, तुला कुणाचा राग येणार नाही, तू लाव. माईंना शेवटचं कुंकू मीच लावलं. ओटी भरून सवाष्ण म्हणून गेल्या.
आणि तेच हात.
उद्या जाऊन पुसून येते.

१६ ऑगस्ट, शुक्रवार
पाऊस. गेले नाही. दोन वेळचा स्वयंपाक केला, ह्यांनी जेवून ताट उचललं, बोलणं नाही. ऋचा केनिचीकडे नाही गेली, खोलीत होती. मला म्हणाली, त्यानं सॉरी सांगितलंय. मी म्हटलं, कुंकू मी लावलं, सॉरी तो का सांगतो? म्हणाली, ते लोक असेच असतात.
असेच म्हणजे कसे, तेच तर बघायचंय.

१७ ऑगस्ट, शनिवार
गेले. ओलं फडकं, कोरडं फडकं, पाण्याची बाटली. पावसानं थोडं कुंकू ओघळलं होतं, बरंचसं होतं.
दगडापुढे बसले, फडकं काढलं, आणि हात उचलेना. कुंकू पुसायचं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. आमच्या घरात एका बाईनं जन्मभर कुणाला पुसू दिलं नाही. ते मी पुसायचं, दगडाचं का असेना? किती वेळ बसले कोण जाणे, गुडघा धरला.
मागून एक म्हातारी बाई आली. जपानी, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठी, डोक्याला टोपी, हातात बादली आणि लाकडी ओगराळं. तिला वाटलं मला बरं वाटत नाहीये. माझं इंग्रजी मोडकं, तिचं त्याहून मोडकं, त्यामुळे बरं चाललं. नाव तोमोको. तिची मुलगी इथल्या चिनी माणसाला दिलेली, ती मुलीकडे राहते, इथे येऊन झाडलोट करते. कुंकवाकडे बोट दाखवून तिनं विचारलं, हे तुम्ही? मी म्हटलं, हो, चुकून. मग चुकून म्हणजे काय ते सांगावं लागलं. माई, तार, बांगड्या, सगळं. आजोबा कोणाच्या हाती सापडले तेही. तिथे मी शब्द गिळला नाही.
ती ऐकत राहिली. मग ओगराळ्यानं दगडावर पाणी घातलं. वरून, हळूहळू. आपण पिंडीवर घालतो तसंच. पुसलं नाही. कुंकू पाण्याबरोबर खाली गेलं, मातीत.
मग तिनं सांगितलं. तिच्या आईचा भाऊ लढाईत गेला. कुठे मेला ते कळवलं नाही, दक्षिणेला एवढंच. घरी एक लाकडी पेटी आली, पांढऱ्या फडक्यात बांधलेली, ह्यात अस्थी आहेत म्हणून. तिच्या आजीनं उघडली तर आत एक खडा. रस्त्यावरचा असतो तसा. आजीनं तो फेकला नाही, पुरलाही नाही. देवघरात ठेवला. हा माझा मुलगा नव्हे, म्हणायची, पण कुणाचा तरी असेल.
मामा इथेच मेला असेल का, मी विचारलं. माहीत नाही म्हणाली. म्हणून सगळ्यांवर पाणी घालते.
नंतर तिनं मला वाकून नमस्कार केला, बराच वेळ वाकलेली राहिली. काय म्हणायचं होतं तिला? मला सोसवेना. मी तिचे खांदे धरून उभं केलं. स्मशानात माणसाला शिवले.
फोटो काढला नाही. घरी येऊन आंघोळ केली, पण बसमध्ये आज बसून आले.

१९ ऑगस्ट, सोमवार
नारळी पौर्णिमा. नारळीभात केला. ह्यांना वाढताना तोमोकोबाईंचं सांगितलं. मध्येच थांबवतील वाटलं. थांबवलं नाही. खड्याच्या ठिकाणी आले तेव्हा भातातली लवंग काढून ताटाच्या कडेला ठेवली आणि बराच वेळ तिच्याकडेच बघत होते.
शेवटी एवढंच म्हणाले, "आपल्याकडे तर पेटीसुद्धा आली नाही."
चिडून नाही म्हणाले. मला तरी चिडून वाटलं नाही.
ऋचाला मुद्दाम काही सांगितलं नाही. आशा लावून बसेल.

२२ ऑगस्ट, गुरुवार
खाली ब्लॉकच्या कोपऱ्यात चिनी शेजारी कागद जाळताहेत, त्यांचा पितरांचा महिना. खिडक्या बंद केल्या तरी धूर. हे म्हणाले, सगळ्यांचे येऊन जेवून जातात.
मी म्हटलं, आपल्याकडेही पंधरवडा येतोय.
ह्यांनी उठून खिडकी पुन्हा लावून बघितली. मग चष्मा लावून, "दाखव ते फोटो."
सगळे दाखवले. तलावाचा बघून हसले, हा काय देव? काचेतला माझा बघितला. लाळेरी बांधलेल्या बाळांपाशी थांबले. दगडाचा मोठा करून करून बघितला, पुढचा, मागचा. "काय लिहिलंय हे?"
मला काय ठाऊक, ऋचानं जे सांगितलं ते सांगितलं.
"सांगितलेलं नको. शब्दाला शब्द काय आहे? पलटणीचं नाव आहे का? साल आहे का? कैद्यांचं काही आहे का?"
म्हटलं, मला वाचता येत नाही, ऋचाला येत नाही. वाचता येणारा एकच आहे.
ह्यांनी चष्मा काढला. मी पण आज माघार घेणार नव्हते. तशीच उभी राहिले फोन धरून.
"रविवारी बोलाव त्याला. घरी नको. तिथे."

२५ ऑगस्ट, रविवार
तिघं गेलो. हे फाटकाशी थांबले. नमस्कार करणार नाही, असं मला ऐकवलं. मी म्हटलं, करू नका, बघा.
केनिची आधीच येऊन उभा होता, पांढरा शर्ट, घामानं पाठ भिजलेली. ह्यांना वाकून नमस्कार. ह्यांनी मान हलवली, एवढंच. ऋचाचे हात सारखे ओढणीशी चाळा करत होते. ओढणी घालून आली होती, आज, आपणहून.
दगडाशी गेलो. केनिचीनं गुडघे टेकून एकेक अक्षर वाचलं आणि इंग्रजीत सांगितलं. काही अक्षरं जुनी, त्याला येईनात. येत नाहीत असं सरळ म्हणाला, अंदाजानं ठोकलं नाही. हे मी मनात लिहून ठेवलं. पलटण नाही. साल नाही. कैदी नाहीत. मेलेल्यांच्या आत्म्याला शांती एवढंच. ह्यांनी पुन्हा वाचायला लावलं. त्यानं पुन्हा वाचलं.
"आमच्याबद्दल काहीच नाही." हे मराठीतच म्हणाले, कुणालाच नाही.
मग त्याच्याकडे वळून इंग्रजीत विचारलं, तुझ्या घरातलं कोण आलं होतं लढाईला? कुठे होता तो?
ऋचा म्हणाली, "बाबा, असं काय विचारता..." मी तिचा दंड धरला.
केनिचीचा चेहरा पडला. खोटं बोलता आलं असतं त्याला. म्हणाला, अंकल, पणजोबा गेले होते. परत आले. कुठे होते ते मला माहीत नाही. आमच्या घरी कुणी विचारत नाही.
"कुणी जिवंत आहे, माहीत असणारं?"
आजी आहे. त्यांची मुलगी.
"विचार तिला. काय निघेल ते मला येऊन सांग. चांगलं निघालं तरी, वाईट निघालं तरी. गाळायचं नाही."
त्यानं मान खाली घातली. मग वर करून म्हणाला, "विचारतो. आणि वाईट निघालं तर?"
ह्यांनी दगडाकडे बघितलं, रांगांकडे बघितलं. "तर तू येऊन सांगितलंस, एवढं तरी होईल. पुढचं पुढे."
परत येताना बसमध्ये ऋचा माझ्या शेजारी बसून रडली. बाबा हो म्हणालेच नाहीत, म्हणत होती. मी म्हटलं, नाही पण म्हणाले नाहीत. ती म्हणाली, आणि आजीनं भयंकर काही सांगितलं तर? म्हटलं, तर ते ऐकून घ्यायचं. मी पण ऐकणार आहे.

२६ ऑगस्ट, सोमवार
गोकुळाष्टमी. सुंठवडा केला, लाह्या मिळाल्या नाहीत.
केनिचीचा ऋचाला मेसेज. आजीला फोन केला. प्रश्न ऐकून आधी तिनं फोन ठेवून दिला. तासाभरानं आपणहून पुन्हा केला, म्हणाली, फोनवर नाही सांगणार, समोर ये. तो शुक्रवारी रजा घेऊन जातोय.
ऋचानं हे भीतभीत ह्यांना सांगितलं. हे टीव्ही बघत होते. आवाज बंद केला. विचारलं, आजीचं वय काय. अठ्ठ्याऐंशी.
"मग शुक्रवारपर्यंत कशाला थांबतो? उद्याच जा म्हणावं."
आणि मला म्हणाले, त्याच्याबरोबर आजीला द्यायला काही करून दे. मोकळ्या हातांनी विचारायला जाऊ नये.
रव्याचे लाडू करते. बेसनाचे प्रवासात फुटतात.